सात्यांची जागा

आमच्याकडे श्रावणात कुणाच्या टोपलीत सात्या दिसल्या तर त्या कुठे मिळाल्या हे विचारायचं नसतं. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: "बजारातून आनल्या." सात्या म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्या अळिंब्या. पावसाळ्यात मोजके दिवस येतात, आणि त्या दिवसांत मटणाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. दरवर्षी त्याच वारुळावर येतात, म्हणून ज्या घराला वारूळ ठाऊक, त्या घराचा श्रावण पार पडला. बाजार भरतो शुक्रवारी, टोपली घरी येते मंगळवारी, देठांना ओली माती, तरी उत्तर तेच. विचारणारीही मान डोलावते, कारण परवा तिनेही हेच सांगितलेलं असतं.

माझ्या सासूबाई सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात राहतात. लग्न होऊन आले तेव्हापासून अठरा वर्षं त्यांनी मला बाजारातूनच सात्या आणून खाऊ घातल्या. मी जिल्हा परिषदेत कारकून. दिवसभर अख्ख्या तालुक्याच्या नोंदी माझ्या हाताखालून जातात, आणि घरातलीच एक गोष्ट माझ्यापासून लपवतात, याचा मला राग यायचा. नवरा माजरीच्या कोळसा खाणीत आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "मले बी नाई माहीत. ते बायांचं आहे." सासूबाईंना ती जागा त्यांच्या सासूने दाखवली होती, तिला तिच्या सासूने. लेकीला दाखवत नाहीत, कारण लेक दुसऱ्या गावी जाते. मुलाला तर नाहीच, कारण मुलं पानठेल्यावर उभी राहून बोलतात.

एकोणिसाव्या वर्षी, एका सकाळी, त्यांनी मला हलवून उठवलं. "चाल वो," एवढंच म्हणाल्या. एरवी आमच्या गावच्या बाया जंगलात घोळक्याने जातात, मोठमोठ्याने बोलत, वाघाला कळावं म्हणून. सात्यांना मात्र एकट्याने आणि गुपचूप जायचं. वाघ परवडला, पण शेजारीण नको, असा तो हिशोब. वाटेत कुणी दिसलं की सासूबाई खाली वाकून काड्या वेचायला लागायच्या, आणि मीही. दोन वेळा काड्या वेचून झाल्यावर आम्ही एका ऐनाच्या झाडामागे पोचलो. वारूळ पांढरं झालं होतं.

त्यांनी मला रीत सांगितली. वारुळाला पाय लावायचा नाही, लोखंड तर मुळीच नाही. देठ बोटांनी फिरवून काढायचा. कळ्या तोडायच्या नाहीत. पुरत्या उमललेल्या दोन-चार तशाच सोडायच्या. घरी येताना त्या म्हणाल्या, "आता मी मेली तरी चालते." मी हसले, पण मनातून इतकी सुखावले की कार्यालयात आठवडाभर कुणावर खेकसले नाही.

पुढच्याच श्रावणात एक स्पर्धा आली. चार दिवस, जिल्ह्याविरुद्ध जिल्हा. दिसेल त्या सजीवाचा मोबाईलवर फोटो काढायचा, ॲपवर चढवायचा, आणि ॲप सांगणार हा कोण. ज्या जिल्ह्याच्या प्रजाती जास्त तो जिंकला. आम्हाला म्हणायचे नागरिक-वैज्ञानिक. नागरिक मी जन्मापासून होते, वैज्ञानिक व्हायला एक ॲप आणि एक हिरवी टोपी पुरली.

आमच्या चंद्रपूरच्या गटाचे प्रमुख शहरात चष्म्याचं दुकान चालवतात. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंच्या जाकिटाला इतके खिसे होते की दुर्बीण सापडेपर्यंत पक्षी घरी जाऊन जेवलेला असायचा. त्यांनी मुक्कामासाठी नेमकं माझ्या सासरच्या गावाजवळचं विश्रामगृह निवडलं. पहिल्या दिवशी पावसाने कुणी बाहेर पडलंच नाही, पण विज्ञान थांबलं नाही. न्हाणीघरातली पाल झाली, झुरळ झालं, दिव्यावरचे किडे झाले. प्रत्येकाने कावळा काढला. एका निवृत्त शिक्षकांनी चुकून स्वतःच्या अंगठ्याचा फोटो चढवला. ॲपने ती बहुधा गोगलगाय असावी असं सांगितलं, आणि गुरुजींनी ती दोन तास खोडली नाही, कारण आकडा वाढला होता.

दुसऱ्या दिवशी गावात शिरलो. टोप्या, कॅमेरे आणि वह्या पाहून गावाने आपला अंदाज बांधला. जंगली जनावरांची नोंद करायला माणसं आली म्हणजे नुकसानीचा पंचनामा, दुसरं काय असणार? एक म्हातारे आडवे आले आणि आम्हाला थेट आपल्या धानाच्या बांधीवर घेऊन गेले. रानडुकरांनी रोवणं पार तुडवून टाकलं होतं. चिखलात खुरांचे ठसे अगदी रेखीव. भाऊ खूश झाले. मापासाठी शेजारी पेन ठेवून त्यांनी सहा फोटो काढले.

"झाली नोंद," ते म्हणाले.

"मंग सायेब कवा येतीन जी?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"कोणते साहेब?"

म्हातारे आमच्या टोप्यांकडे बघत राहिले. "सायेब येनार नाई, तं तुमी का करून राह्यले इथी?"

भाऊंनी त्यांना जैवविविधता समजावून सांगितली. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डुकराले समजते का हे?" मी कारकून असल्यामुळे मला भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा ते माहीत होतं. ते मी सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात बांधावर एक निळा चतुर बसला आणि मी त्याच्यामागे धावले.

वाघ सगळ्यांनाच हवा होता. सरपणाला निघालेल्या एका बाईला भाऊंनी विचारलं की वाघ कुठे दिसतो. ती म्हणाली, "तुमालेच दिसला तं आमाले सांगा जी. आमी तिकडं जानार नाई." भाऊंनी वहीत लिहिलं, स्थानिकांमध्ये उत्तम जागरूकता.

तिसऱ्या दिवशी कळलं की गडचिरोलीवाले पुढे आहेत. त्यांचा एक गट हेमलकशाकडे होता. तिकडे दिवसभर रेंज नसायची, आणि आली की त्यांचे फोटो ढिगाने पडायचे. आमच्या मोठ्या माणसांचे चेहरे उतरले. आयुष्यात कधी झाडाचं नाव न विचारलेले लोक गडचिरोलीची मुंगी ही खरंच वेगळी मुंगी आहे का, यावर भांडू लागले. मीही भांडत होते. चतुर, नाकतोडे, कोळी असं करत गटात माझा दुसरा नंबर लागला होता, आणि एवढं कौतुक माझ्या वाट्याला शाळेनंतर आलं नव्हतं.

शेवटच्या सकाळी भाऊ म्हणाले, "ताई, अळिंबीत आपण मार खातोय. तुमचं सासर इथंच ना? काही ठाऊक असेल तर बघा."

ठाऊक होतं. मी एकटी गेले. वाटेत एक गुराखी दिसला तेव्हा वाकून काड्यासुद्धा वेचल्या, इतकी मी रीत पाळली. वारूळ गेल्या वर्षीसारखंच पांढरं होतं. मी पाय लावला नाही, लोखंड लावलं नाही, एक देठसुद्धा तोडला नाही. फक्त फोटो काढला. त्या वेळी मला वाटलं, माझ्याइतकी सभ्य बाई या जंगलात कधी आली नसेल.

ॲपने विचारलं, ठिकाण खुलं ठेवायचं, अंधुक ठेवायचं की लपवायचं? मी विश्रामगृहात येऊन भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "आपण विज्ञान करतोय ताई. विज्ञानात लपवालपवी नसते." वाक्य मला आवडलं. खरं सांगायचं तर वाक्याची गरजच नव्हती. अठरा वर्षं बाजारातल्या सात्या खाल्ल्याचा राग अजून पोटात होता. एवढंसं वारूळ, आणि त्याचं केवढं अवडंबर, असं मनात म्हणत मी 'खुलं'वर बोट ठेवलं.

संध्याकाळपर्यंत कुठल्याशा परदेशातल्या एका तज्ज्ञाने माझ्या सात्यांचं लॅटिन नाव पक्कं केलं. म्हाताऱ्यांच्या रानडुकरालाही तिकडून दुजोरा आला. आम्ही तरीही हरलो. पण माझ्या नोंदीला उल्लेखनीय म्हणून प्रमाणपत्र मिळालं, भोवती पानाफुलांची नक्षी, मध्ये माझं नाव. कशाची नोंद ते त्यावर लिहिलं नव्हतं. मी ते सासूबाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी सिंदेवाहीला नेऊन फ्रेम करून आणलं आणि भिंतीवर लावलं, बुद्धाच्या आणि सासऱ्यांच्या फोटोंच्या ओळीत. आल्यागेल्याला त्या दाखवायच्या, "आमच्या सुनेले भेटलं." कशाबद्दल, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या श्रावणात मी गावी गेले तर सासूबाई ओट्यावर रिकाम्या बसल्या होत्या. श्रावणात त्यांना रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, वारूळ गेलं. त्या नेहमीप्रमाणे एकट्या गेल्या होत्या. तिथे शहरातली तीन माणसं, मोटारसायकली उभ्या, हातात लोखंडी सब्बल. पुढच्या सात्या आत असतात म्हणे, म्हणून त्यांनी वारूळ मुळापर्यंत उकरलं होतं. कळ्यासुद्धा पिशवीत भरल्या होत्या. सासूबाईंनी विचारलं, ही जागा तुम्हाला कोणी सांगितली? त्यातला एक जण सज्जन होता. त्याने मोबाईल पुढे धरून नकाशा दाखवला. "इथीच टिंब आहे, मावशी. कोनी तरी टाकलं आहे."

"कोन टाकलं असन वो?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी गप्प राहू शकले असते. त्यांना मोबाईल येत नाही, गावात कुणाला माझा संशय नव्हता. मी अख्खा चहा प्यायले. प्रमाणपत्र समोर होतं आणि माझं नाव बसल्या जागेवरून वाचता येत होतं.

"आई, मीच टाकलं," मी म्हणाले. आणि मग एकदा सुरू झाल्यावर सगळंच बोलत सुटले, स्पर्धा, गडचिरोली, भाऊ, विज्ञान. बोलता बोलता मलाच ऐकू येत होतं की यात एकही गोष्ट वारुळाच्या बरोबरीची नाही. मला माझी लाज वाटली. तशी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. रागावतील, चार शिव्या देतील, असं वाटलं होतं, आणि मला ते हवंही होतं. त्या फक्त म्हणाल्या, "माहीच घाई झाली."

अठरा वर्षं थांबलेली बाई हे म्हणत होती.

चंद्रपूरला येऊन मी ॲपवर ते ठिकाण लपवून टाकलं. बैल गेला आणि झोपा केला. भाऊंना फोन करून झाला प्रकार सांगितला. त्यांना खरोखर वाईट वाटलं. थोडा वेळ ते हळहळले आणि मग म्हणाले, "ताई, उकरलेल्या वारुळाचा फोटो असेल तर तोही चढवा. उपयोगी माहिती आहे." त्या दिवशी मी गटातून बाहेर पडले. हिरवी टोपी नवऱ्याने खाणीत नेली. रानडुकराच्या म्हाताऱ्यांना मी अर्ज लिहून दिला, पण त्याला आता वर्षभर उशीर झाला होता, आणि तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

या वर्षी सोमवारची सुट्टी होती म्हणून गावी गेले. प्रमाणपत्र भिंतीवर तसंच होतं. सासूबाईंनी ते काढलं नाही. उलट काच स्वच्छ होती, म्हणजे पुसतात. चुलीवर पातेलं होतं आणि घरभर तो वास पसरला होता, जो एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही. त्यांनी मला ताट वाढलं. भात, आणि भरपूर रस्सा, आणि सात्या. म्हणजे दुसरं वारूळ होतं. कदाचित आधीपासूनच होतं.

"आई, कुठे मिळाल्या?"

मला माहीत होतं की विचारायचं नसतं. पण एकवीस वर्षं या घरची सून म्हणून मी विचारलं.

सासूबाई रस्सा वाढत होत्या. त्यांच्या नखांत ओली माती होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गावातल्या कुठल्याही बाईकडे पाहतात तसं, अगदी प्रेमाने.

"बजारातून आनल्या," त्या म्हणाल्या. "जेव."

मी मान डोलावली आणि जेवले.