चिंधी बांधलेला दोडका

परतीच्या पावसात वादळ झालं आणि परसातला दोडक्याचा मांडव आडवा झाला. झेंडूला काठ्यांचा आधार द्यायला गेलो, तर उभे होते तेवढेही मोडून बसलो. माझ्या हाताचा गुण गावाला ठाऊक आहे.

मग मांडवाखाली तो दोडका सापडला. श्रावणात आईनं लुगड्याची चिंधी बांधून तो बियाण्याला राखला होता. चिंधीचा दोडका आमच्याकडे कुणी तोडत नाही, वेलावरच वाळू देतात. गणपतीनंतर आई गेली. तिच्या हातचं तेवढंच बी उरलं होतं, आणि आता वेल मुळासकट उपटून आला होता.

"अवो, हिरवाच हाय की. आत बी कवळं असंल, रुजायचं न्हाई," बायको म्हणाली. "जुन्नरच्या बाजारातनं पाकीट आणू."

तरी मी तो खिडकीत टांगला. वाळल्यावर आत बी खुळखुळतं, म्हणून रोज कानाशी धरून हलवतो. काल बायकोनं पाहिलं. वाटलं, आता टर उडवणार. ती हळूच म्हणाली,

"काय म्हणत्यात आई?"

"अजून काही नाही," मी म्हणालो.