मेन्यूतला पाहुण्यांचा कप्पा

आमचा कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता, की त्याला सुरू करून मी कुकर लावायचे. शिट्ट्या होऊन कुकर उतरला तरी याचं आपलं गरगर चालूच. नवा घेऊ या म्हटलं तर नवरा म्हणाला, "चालतोय ना? मग!" शेवटी मीच कंबर कसली. भाषांतराची कामं घरून करते, त्यामुळे हे उपद्व्याप थोडेफार जमतात. जुनं सगळं काढून लिनक्स टाकलं आणि त्यावर एक अगदी हलका विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि मेन्यू सांभाळणारा प्रोग्रॅम.

त्याची गंमत अशी, की पडद्यावर काहीच नसतं. मोकळ्या जागी माउसचं उजवं बटण दाबलं की मेन्यू उघडतो. त्यात काय असावं, कुठल्या कप्प्यात, कुठल्या क्रमाने, ते आपणच एका साध्या फाइलीत लिहायचं. म्हणजे सत्ताच की हो! लग्न झाल्यापासून या घरात माझं कुणी धड ऐकलं नव्हतं. सगळ्यात वर मी 'माझं काम' लिहिलं. त्याखाली लेकीचा 'अभ्यास'. नवऱ्याचा पत्त्यांचा खेळ 'बिलं', त्याच्या आत 'लाइट बिल', त्याच्याही आत 'जुनी बिलं' असा नेऊन ठेवला. बिलांच्या वाऱ्याला हा माणूस उभा राहत नाही. बिचारा आठवडाभर शोधत होता आणि मी समोर बसून मेथी निवडत होते. सगळ्यात खाली एक कप्पा केला, 'पाहुणे'. कुणी आलंगेलं तर त्याला इंटरनेट बघायला.

त्याच सुमारास सासूबाईंची भोईवाड्यातली खोली रिडेव्हलपमेंटला गेली आणि त्या परळला आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना पंचांग लागायचं, भजनं लागायची, आणि संध्याकाळी मालवणातल्या बहिणीला व्हिडिओ कॉल. माझ्या डोक्यावर काम देण्याची तारीख. सगळं घाईघाईत 'पाहुणे'मध्ये कोंबलं. करू नंतर नीट, म्हटलं.

दोन दिवसांनी बाईंचं वागणं बदललं. पाणी हवं तर, "सूनबाई, जरा पाणी मिळात काय गे?" फ्रिज उघडायच्या आधी परवानगी. माझ्या आमटीला नावं ठेवण्यात ज्यांची हयात गेली, त्या चक्क दुसऱ्यांदा वाढून घेऊन "छान झाली हां" म्हणाल्या. नवऱ्याला विचारलं, "आईंना बरं नाहीये का?" तो म्हणाला, "भांडत नाही ना? मग गप बस."

कहर झाला तो देवळातून येताना. किल्ली कमरेला असताना बाईंनी बेल वाजवली. दार उघडलं तर हातात बिस्किटाचा पुडा. "रिकाम्या हाताने कसा येवचा? येव काय आत?" समोरची शेजारीण दार किलकिलं करून बघत होती. उद्या सगळ्या मजल्यावर बोभाटा.

"आई, काय चाललंय तुमचं?"

त्या चपला काढून थेट कॉम्प्युटरपाशी गेल्या, माउसचं उजवं बटण दाबलं, चष्मा नाकावर ओढला आणि शेजारणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "पा... हु... णे." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिची चाळ पाडली, जिला परत जायला घर नाही, त्या बाईला मी रोज संध्याकाळी पाहुण्यांच्या रांगेत बसवत होते. आणि हसूही येत होतं, कारण सूड कसा घ्यावा तर तो असा.

लगेच फाइल उघडून कप्प्याचं नाव बदललं, 'आईंसाठी'. दुसऱ्या दिवशीही बेल वाजली. मग तो कप्पा उचलून माझ्या कामाच्याही वर नेला आणि लिहिलं, 'घरच्या मालकीणबाई'. त्यांनी ते वाचलं, "बरा हां" म्हणाल्या आणि आपलं ताट स्वतः विसळू का, असं अदबीने विचारलं. माझं टाळकंच सटकलं.

"आता काय नाव देऊ, तुम्हीच सांगा!"

"नाव कित्याक?" इतक्या दिवसांनी त्यांचा खरा आवाज निघाला. "तुमका तिघांका सगळा घर, आणि माका वेगळो डबो? माझा काय आसा ता तुमच्यातच टाक."

टाकलं. रागारागात सगळेच कप्पे मोडले. फाइलीत एका ठिकाणी कंस मिटवायचा राहिला आणि अख्खा मेन्यूच गायब झाला, ते निस्तरण्यात दुपार गेली. आता एकच लांबलचक यादी: माझ्या शब्दकोशाखाली त्यांचं पंचांग, लेकीच्या गणिताखाली भजनं, आणि नवऱ्याचे पत्ते उघड्यावर. त्याच संध्याकाळी पत्ते उघडायला गेलेल्या नवऱ्याने चुकून व्हिडिओ कॉल लावला आणि मालवणच्या मावशीला बनियनवर दर्शन दिलं.

शनिवारी मी माटुंग्याच्या बाजारातून आले. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि पिशवी हातातच राहिली. फळीवरचे सगळे डबे इकडचे तिकडे. डाळी खाली, पिठं वर, मसाल्याचा डबा कुठल्या कुठे. तेल तापत ठेवलं तर हिंग सापडेना. माझं स्वयंपाकघर, माझी फळी! डोक्यात सणक गेली. कोनाकोपरा पालथा घातला, पण विचारायचं नाही म्हणजे नाही. तेलाचा धूर निघाला तसा गॅस बंद करून ओरडले, "आई, हिंग कुठे ठेवलात?"

बाहेरच्या खोलीतून भजनाच्या वरताण आवाज आला, "आधी इचारूक काय झाला होता? घरात माणूस आसा मां!"