शेडातली बाई आन् बिनड्रायव्हरची गाडी

माझं शिरूरचं शेड भाड्यानं घेऊन एक इंजिनेर बाई तिथं काम करते. रांजणगावच्या कंपन्यांसाठी माल वाहणारी बिनड्रायव्हरची गाडी बनवते. माणूस आडवा आला की गाडीनं थांबायचं, एवढाच तिला ध्यास. स्वतः पण तशीच. झोपल्या कुत्र्याला लांबून वळसा घालते, कुणाच्या मागून येताना आधी खोकते. कुणी "चालतंय की" म्हटलं, की फटकन विचारते, "कुणाला चालतंय?"

परवा म्हणाली, "आबा, म्हातारं माणूस आडवं आलं तर गाडी काय करते ते बघायचंय. उभं राहता का?"

मी म्हटलं, "राहतो की. न्हाई थांबली तर बरंच हाय. माझी म्हातारी वर वाट बघत असंल."

तिनं गाडीच बंद केली. "मग तुम्ही नको. ज्याला जगायचंय, तोच माणूस मला समोर पाहिजे."

म्हातारी गेल्यापासून मला इतकं कुणी झापलं नव्हतं. म्हटलं, "बरं बाई, जगायचंय. लाव गाडी."

गाडी आली आन् हातभर लांब गपकन थांबली. पण त्याच्या आधीच मी टुणकन मागं उडी मारली होती.

ती हसत सुटली. "आबा, खरंच जगायचंय की तुम्हाला!"

"पायांना जगायचंय," मी म्हटलं. "माझं मी बघतो."