थिनर मी आणलं होतं

मोशीच्या आमच्या सोसायटीत होळीला एक वॉचमन भाजला, हे जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. तो दारू प्यायला होता, हेही ते सांगतात. ते खोटं आहे. ते मी पसरवलं.

मी तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष होतो आणि चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपचा सुपरवायझर. दर मार्चला सुरक्षा सप्ताहात कामगारांना शपथ मीच द्यायचो. नव्या पोरांना सांगायचो, थिनरची वाफ पेट घेते आणि ती दिसत नाही, म्हणून विस्तवाजवळ डबा उघडायचासुद्धा नाही. त्याच आठवड्यात मी कंपनीतून पाच लिटरचा डबा डिकीत घालून घरी आणला. आमची होळी दरवर्षी नुसती धुमसायची आणि बायका नैवेद्याची ताटं घेऊन ताटकळायच्या.

त्या संध्याकाळीही लाकडं ओलीच होती. मी डबा वॉचमनच्या हातात दिला. बीडकडचा माणूस, पन्नाशीचा, माळकरी. सगळे त्याला मामा म्हणत.

"साहेब, आत इस्तू हाय. भडका व्हईल," तो म्हणाला.

"मग बांगड्या भरा मामा! आणा इकडं, आमची मिसेस ओतेल."

लोक हसले. तोही ओशाळून हसला, आणि त्यानं डबा उपडा केला.

जाळ धारेवरून उलटा त्याच्या हातांवर आला. होळीभोवती सगळे तोंडावर हात मारून बोंबा ठोकत होते. त्यात त्याची किंकाळी वेगळी ऐकूच आली नाही. पाण्याची एक बादली आम्ही भरून ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. थिनर कुठून आलं, एवढंच त्यांनी विचारलं. कंपनीचा माल बाहेर काढला हे कळलं असतं, तर निवृत्तीला दोन वर्षं असताना माझी नोकरी गेली असती. मी म्हणालो, "रंगाऱ्यांचा उरलेला डबा असेल. त्यानंच आणला. प्यायलेला होता." कमिटीतल्या दोघांनी मान डोलावली. आदल्या दिवशी हसलेले तेच.

पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोनं मला गेटवर गाठलं.

"साहेब, हात गेले ते गेले. नोकरी बी नगं. तेवढं दारूचं खोडा. गावाकडं भाऊबंद थुकायलेत."

"बाई, कायद्याचं काम आहे. लिहिलेलं बदलत नाही," मी म्हणालो, आणि नव्या वॉचमनला गेट लावून घ्यायला सांगितलं.

त्याला बारा वर्षं झाली. गेल्या महिन्यात तिचा पत्ता काढून मी दिघीला गेलो. खरं काय घडलं ते कागदावर लिहून, सही करून नेलं होतं. ती पोळ्या लाटत होती. मी वाचून दाखवलं. लाटणं थांबलं नाही.

"मामा कुठं आहेत?" मी विचारलं.

"गेले. चार वर्षं झाली. दारूनं."

मी कागद तिच्यापुढं धरला.

"लोक म्हणायलेतच तर पितो, म्हनले. आता कुनाला दाखवू हा कागद? सासरे गेले, दीर गेला." तिनं पोळी तव्यावर टाकली. "लिवायचंच असंल तर नीट लिवा. पयला घोट होळीनंतर घेतला, त्याच्या आधी न्हाई. ते ऱ्हायलंय तुमचं."

तिच्याकडे पेन नव्हतं, माझ्या खिशात होतं. मी तिच्यासमोरच लिहायला बसलो. ओळ पुरी होईपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चालतो की तुमचा हात."