मांडवातला मायक्रोफोन

मी लग्न केलं ते एका टेपसाठी. वाचणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, पण खरं आहे, आणि या वयात ते गुळमुळीत करून सांगण्यात मला रस नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. उरणच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी सहा वर्षं मी मुंबईला गोदीच्या वर्कशॉपमध्ये वायरमन होतो. तिथे असताना एकदा कुठलीशी जोडणी करायला मला एका रेकॉर्डिंगच्या खोलीत पाठवलं होतं. जाड दार मागे बंद झालं आणि मला माझाच श्वास ऐकू आला. इतकी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती. तेव्हापासून मी हट्टालाच पेटलो की अशी एक खोली आपल्या मुलखात करायची. गावी परतल्यावर दुकानामागच्या खोलीच्या चारी भिंतींना मी मिठाची रिकामी गोणपाटं टांगली, आत एक मायक्रोफोन उभा केला आणि दारावर ‘स्टुडिओ’ असं रंगवलं. बाजारातले लोक त्याला गोदाम म्हणत. मी त्यांच्याकडे लक्ष देत नसे, म्हणजे मनातल्या मनात रोज भांडत असे.

टेपरेकॉर्डर मुंबईहून जुना आणला होता. चावी भरायची आणि बॅटरीवर चालवायचा, कारण आमच्या गावांत वीज आलेली नव्हती. यंत्र दणकट होतं, पण माझ्या मायक्रोफोनचा आवाज त्याला पुरत नसे. मायक्रोफोनमधून निघणारा आवाज फार क्षीण असतो. टेपपर्यंत पोचण्याआधी त्याला मोठं करणारं एक यंत्र मध्ये लागतं, त्याला प्रीअ‍ॅम्प म्हणतात. तयार प्रीअ‍ॅम्प माझ्या आवाक्याबाहेरचा होता. मुंबईचा एक दुकानदार मात्र सुट्या भागांचं किट पोस्टाने पाठवी. जाड कागदाच्या पुडक्यात काचेचे दोन व्हॉल्व्ह, रेझिस्टर, कंडेन्सर, वायरची गुंडाळी आणि निळ्या शाईत काढलेला नकाशा असे. ते जोडायचं काम आपलं.

हा सगळा खटाटोप कोणासाठी, तर माझ्या आत्यासाठी. माझी आई मी लहान असतानाच गेली. आत्या विधवा होऊन माहेरी आलेली, तिनेच मला वाढवलं. ती मिठागरात राबायची आणि लग्नसराईत धवलारीण म्हणून गावोगाव जायची. आमच्या आगरी लोकांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, तिला पाठ असतो. त्यातलं काही कुठे लिहिलेलं नसतं. आत्याच्या मागे ते शिकलेलं कोणी नव्हतं. आणि त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या गळ्यात गाठ आली. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पावसाळ्याआधी गाठ काढायला हवी, आणि काढल्यावर आवाज राहीलच असं नाही. हातात चार-पाच महिने होते. त्या मुदतीत तिचे धवले टेपवर आले नाहीत तर ते तिच्या गळ्याबरोबर जाणार होते. हे कळल्यापासून मला जेवण गोड लागेना.

पहिलं किट मी एका आठवड्यात जोडलं. दुकानात वीज नाही, म्हणून डाख द्यायची सळई शेगडीवर तापवायची, राळेत बुडवायची आणि निवायच्या आत सांधा उरकायचा. हेडफोन कानाला लावला तर आत नुसती तडतड, फोडणीत मोहरी पडावी तशी. सगळे सांधे पुन्हा उकलले, पुन्हा डाखले. पुन्हा तडतड. मी नकाशाला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, शेवटी स्वतःलाही घातल्या. डोक्यात राख घालून तो डबा घरी आणला आणि ओटीवर आपटला.

आत्या भात पाखडत होती. तिने डबा उचलला, आतल्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं.

“खारा हाय,” ती म्हणाली. “याला पानी सुटलंय.”

जन्मभर मिठागरात राबलेली बाई. खाडीवरच्या हवेत मिठाचा अंश असतो, तो जिथे बसतो तिथे ओल धरतो, आणि त्या ओलीतून वीज नको तिथे झिरपते, हे वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काढलेल्या माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिने मिठाचं मडकं चुलीच्या वर फळीवर ठेवलेलं असे, त्याच्या शेजारी माझा डबा ठेवून दिला. आठ दिवसांनी तडतड गेली होती, पण धुराने आणि धगीने दोन कंडेन्सरही गेले होते. दुसरं किट मागवलं. त्यात एक व्हॉल्व्ह फुटका निघाला. तिसऱ्या वेळी प्रत्येक सांधा डाखल्याबरोबर मी उन्हात कडक तापवून घेतला आणि त्यावर पातळ केलेलं मेण ओतलं. हेडफोन लावला. आत काहीच नव्हतं. मुंबईच्या त्या खोलीत होती तशी शांतता होती, आणि तिच्यात दहा हातांवर बसलेल्या आत्याच्या बांगड्यांची किणकिण स्वच्छ ऐकू येत होती. मला रडू फुटलं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तिला सांगितलं, “आते, उद्या दुकानावर चल. तुझे धवले भरून घेतो.”

“लगीन कनाचा हाय?”

“लग्न कोणाचंच नाही. नुसतं गायचं.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भर बाजारात नाचायला सांगितलंय. “नवरा न्हाय, नवरी न्हाय, मांडव न्हाय. आनि मी गाऊ कनासाठी? तुजे डब्यासाठी?”

मी हातापाया पडलो. रागावलो. गाठीची, डॉक्टरांची आठवण करून दिली, आणि ती करून द्यायला नको होती. लग्नाशिवाय धवला गायला तर ज्याच्या नावाने गावा त्याचं वाईट होतं, असं ती मानत होती, आणि त्यापुढे माझी सगळी हुशारी कुचकामी होती. दुसऱ्याच्या लग्नात यंत्र न्यावं तर त्या साली कोणी तिला बोलवेना, तिच्या आजाराची बातमी सगळीकडे गेली होती. शेवटी ती म्हणाली, “तू लगीन कर. मी गाते.”

तीन वर्षं ती माझ्या लग्नामागे लागली होती आणि तीन वर्षं मी टोलवत होतो. त्या दिवशी मी अर्ध्या तासात हो म्हटलं. तिला केवढा आनंद झाला! मला कसला आनंद झाला होता ते मी तिला सांगितलं नाही.

मुलगी खाडीपलीकडच्या गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. आत्यानेच पाहिली. मी एकदा गेलो, चहा घेतला आणि लग्न त्यांच्या दारात झालंच तर टेपमध्ये घरघर येऊ नये म्हणून त्यांच्या घरावरून विजेची मोठी तार गेली आहे का एवढं विचारून आलो. मुलीला काही विचारलं नाही. पसंत आहे का म्हणाले, मी मान हलवली. परतताना नावेत मी मायक्रोफोन कुठे बांधायचा याचा विचार करत होतो.

मांडव आमच्याच दारात पडला. मधल्या मेढीला मी छातीच्या उंचीवर मायक्रोफोन बांधला. एका बाजूला आत्याची बसायची जागा, दुसऱ्या बाजूला आमचे पाट. टेपरेकॉर्डर आणि प्रीअ‍ॅम्प माझ्या पाटाशेजारी, पंच्याखाली झाकलेले. चावी दर पाच मिनिटांनी भरावी लागे आणि ते काम मी दुसऱ्या कोणावर सोपवायला तयार नव्हतो. नवरदेव मुंडावळ्या सांभाळत वाकून पेटीची चावी फिरवतोय, हे पाहून बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. मी हसू दिलं. दिवस कलायच्या सुमाराला लग्न लागलं. आत्या गायली. गाठीमुळे तिला श्वास पुरत नव्हता, तरी एकही ओळ तिने गाळली नाही. माझं सगळं लक्ष प्रीअ‍ॅम्पच्या गुंडीवर आणि सरकत्या टेपवर होतं. शेजारच्या पाटावर जी बसली होती तिचा चेहरा त्या दिवशी कसा होता, हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. मी तो पाहिलाच नाही.

रात्री टेप उलटी गुंडाळून सुरुवातीचं मिनिटभर ऐकलं. आत्याचा आवाज होता. माझा जीव भांड्यात पडला. मग बॅटरी उतरली, आणि चौथ्या दिवशी मी आत्याला घेऊन मुंबईला गेलो.

गाठ निघाली, आत्या वाचली. आवाज गेला. उरली ती नुसती फुंकर, तीही तोंडाजवळ कान नेला तर कळणारी. दीड महिन्याने तिला घरी आणलं तेव्हा बरोबर नवी बॅटरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर यंत्र मांडलं. आत्या भिंतीला टेकून बसली. बायको दाराच्या चौकटीशी उभी राहिली. दीड महिना ती एकटीने माझं घर सांभाळत होती, आणि आमचं बोलणं अजून ‘पाणी दे’, ‘जेवण झालं’ याच्या पुढे गेलं नव्हतं.

आत्या स्वतःचा आवाज ऐकत होती. तिचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मनात म्हणत होतो, जमलं बाबा, आपल्याला जमलं. अंतरपाट दूर झाल्यावरचा धवला सुरू झाला. तो सगळ्यांत मोठा, सगळ्यांत जपलेला. आणि त्याच्या मध्यावर, आत्याच्या आवाजाच्या खालून, एका मुलीचं कुजबुजणं आलं. तिच्या बाजूला बसलेल्या करवलीशी, म्हणजे धाकट्या बहिणीशी, ती बोलत होती.

“बाय, यो माजेकडं बगत पन न्हाय. त्या पेटीकडंच बगतंय. मना घरा ने.”

मग हुंदका. मग आत्याची पुढची ओळ, मग पुन्हा हुंदका. तोंडातल्या तोंडात बोललेलं, बाजूच्या माणसालाही जेमतेम ऐकू जावं असं. पण तीन वेळा जोडलेलं, मेण ओतून निर्दोष केलेलं माझं यंत्र, त्याने त्यातला एक शब्दही सोडला नव्हता.

मी यंत्र बंद केलं. बायको पांढरीफटक पडली होती. पेटी गाणं धरते एवढं तिला ठाऊक होतं, पुटपुटणंही धरते हे तिला कोण सांगणार होतं? आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिला सगळं कळलं होतं, माझं ते अर्ध्या तासातलं हो कुठून आलं तेसुद्धा. तिने हात पुढे केला आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली. कापून टाक.

टेप कापून जोडता येत असे. पण कुजबुज आणि धवला एकाच जागी होते, एक काढलं की दुसरं जाणार होतं. आत्याला हे मी समजावून सांगितलं. तिने पुन्हा तशीच बोटं हलवली, जरा जोरात. ज्या धवल्यासाठी तिने मला हातापाया पडायला लावलं, जो आता तिच्याही गळ्यातून कधी निघणार नव्हता, तो ती एका परक्या घरून आलेल्या मुलीसाठी टाकून द्यायला निघाली होती. मी कात्री आणायला उठलो. खोटं कशाला बोलू, ती सापडू नये असं वाटत होतं.

“कापू नका,” बायको म्हणाली. लग्नानंतर तिने माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. “आतेचा गाना जाईल. आनि मी काय खोटा बोलली?”

मी तिथेच बसलो आणि तिला सांगितलं, आत्याच्या देखत, की मी लग्नाला हो का म्हटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. आत जाऊन तांदूळ धुवायला लागली. मी तिच्या मागे जायला हवं होतं. मी टेप गुंडाळून डब्यात ठेवली.

नंतर आमचा संसार झाला. मुलं झाली, वीज आली, दुकान मोठं झालं. मी तिच्याकडे बघायला शिकलो, उशिरा शिकलो, आणि तिने मला शिकू दिलं. आत्या आणखी चार वर्षं जगली. लांबलांबच्या गावांतून बायका ती टेप ऐकायला यायच्या आणि धवले शिकून जायच्या. ती जागा आली की त्या माझ्या बायकोकडे बघत, आणि बायको माझ्याकडे बघे. मी उठून जात नसे. तेवढी शिक्षा मी घेतली.

गोणपाटांच्या त्या खोलीत मी पुढे कितीतरी आवाज भरून घेतले, भजनी मंडळं, होड्यांवरचे नाखवे, शाळेतली पोरं. बायकोला कितीदा म्हटलं की एकदा मायक्रोफोनसमोर बस, काहीही बोल, तांदूळ निवडताना गुणगुणतेस तेच गुणगुण. ती कधी बसली नाही. हसून म्हणायची, “माजा आवाज हाय ना तुमच्याकडं. तोच ऐका.”

तिला जाऊन सहा वर्षं झाली. घरात तिचा दुसरा आवाज नाही. मी तोच ऐकतो.