येळवशीच्या नाटकाचा शेवट

सोलापुरात असा एकही माणूस नसेल, की ज्याला माझ्या मावससासऱ्यांनी एकदा तरी दारातून परत पाठवून पुन्हा आत यायला लावलेलं नाही. गॅसची टाकी आणणारा, गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं, मुलीच्या सोयरिकीसाठी आलेली मोठमोठी माणसं, कुणाचीही त्यातून सुटका झालेली नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा चपला काढून उंबऱ्यात पाऊल टाकतो न टाकतो तोच आतल्या खुर्चीतून आवाज आला, "असं न्हवं, जावईबापू. तुमी पहिल्यांदाच येताय की. जरा बिचकत या." मी बाहेर गेलो, चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि बिचकत आत आलो. वास्तविक पहिल्या खेपेलाही मी बिचकतच आलो होतो. पण ते मागच्या रांगेतल्या माणसाला दिसलं नसतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

काका, म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान, हयातभर एसटीत कंडक्टर होते आणि हयातभर हौशी नाटकं बसवत होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं त्यांना कधी वाटलंच नाही. थांब्यांची नावं ते नुसती पुकारत नसत, त्या त्या गावाला शोभेल अशा भावनेनं उच्चारत. दुधनी आली की आवाजात बाजारपेठेची लगबग असे. मोडनिंब मात्र एकदा त्यांनी इतक्या कातर आवाजात पुकारलं, की पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं पदर तोंडाला लावून विचारलं, "कोण गेलं वो तितं?" घरी मावशींशी भांडण झालं, तरी मध्येच हात वर करून ते त्यांना थांबवत. "आत्ता म्हणलीस ते परत म्हण. पर 'मीठ'वर जरा थांब." मावशींनी ते परत म्हटलं की भांडण तिथंच मोडे, कारण दुसऱ्या खेपेला राग उरत नसे. ही युक्ती होती की वेड, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यांच्या नाटकांचा एकच नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. रंगमंचावर जेवण असेल तर ते खरं पाहिजे. रिकाम्या ताटात हात फिरवून तोंड हलवणारा नट पाहिला की ते प्रेक्षागृहातून उठून जात. "अन्नाची चेष्टा चाललीय," असं म्हणत आणि दाराशी जाऊन उभे राहत. त्यामुळे मावशींना प्रत्येक तालमीला भाकऱ्या थापाव्या लागत. आमच्या तालमी सोसायटीच्या गच्चीवर चालत, आणि नाटकाच्या इतर संस्थांमध्ये तालमीला माणसं जमत नाहीत म्हणून रड असताना आमच्याकडे मात्र एकही गैरहजर नसे. गंमत अशी, की इतक्या लोकांना आग्रह करून वाढणारा हा माणूस स्वतः कधी पंगतीत बसलेला मी पाहिला नाही. लग्नकार्यात ते शेवटपर्यंत वाढप्यांबरोबर फिरत आणि मग कुठंतरी कोपऱ्यात उभ्यानंच दोन घास खाऊन घेत. त्यांच्या इतर लहरींपैकीच ही एक, असं आम्ही धरून चाललो होतो.

दोन वर्षांमागे त्यांनी हौशी नाट्यस्पर्धेसाठी स्वतः लिहिलेलं नाटक काढलं. नाव होतं 'येळवस'. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात घरातली सगळी माणसं शेतात जातात, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा मांडतात, आणि बाजरीचे उंडे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील असं सगळं एकत्र बसून जेवतात. त्या दिवशी जेवायला कुणी चुकत नाही. नाटकात अशाच एका जेवणाला शहरात नोकरी करणारा धाकटा भाऊ येतो आणि बघतो, तर शेतातला जुना लिंब थोरल्यानं तोडून टाकलेला. ज्या सावलीत लहानपणापासून येळवस जेवली ती सावलीच नाही. शब्दानं शब्द वाढतो. थोरला म्हणतो, "तू पाव्हणा हायस. पाव्हण्यानं पाव्हण्यावानी जेवावं." धाकटा भरल्या ताटावरून उठतो आणि चालता होतो. मध्ये आई, उंड्याची परात घेऊन.

धाकट्याचं काम माझ्याकडे होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, अभिनयाशी माझा संबंध नाही. पण जावयाला नाही म्हणता येत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. आईचं काम मावशी करत. थोरला भाऊ होता पूर्व भागातल्या चादरीच्या दुकानात काम करणारा एक उंचापुरा गृहस्थ. त्याच्या घरची भाषा तेलुगू. एरवी मराठी चोख बोलायचा, पण रंगमंचावर राग आला की वाक्याचा शेवट तेलुगूत व्हायचा. काका म्हणत, "ऱ्हाऊ द्या. राग खरा हाय त्याचा."

अडचण एकच होती. नाटकाला शेवट नव्हता. धाकटा उठून विंगेत जायचा आणि काका टाळी वाजवून म्हणायचे, "पडदा." कधी म्हणायचे, पडदा नको, काळोख करू. कधी म्हणायचे, पाऊस दाखवू. येळवशीला थंडी असते, पाऊस कुठला, असं कुणीतरी म्हटल्यावर तेही बारगळलं. एका संध्याकाळी चादरवाला गृहस्थ वैतागला. "सर, हा उठून गेला. आम्ही दोघं इथंच आहोत की! ताटं वाढलेली आहेत. मी काय करू? जेवू? रडू? आई काय करते? पुढं काय झालं ते सांगा ना."

"मला काय म्हाईत?" काका एकदम ओरडले. "मी तितं कुटं हुतो?"

शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, तेवढाच आवाज. काकांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली आणि जिना उतरून खाली गेले. मावशी भाकरीची चवड फडक्यात गुंडाळत माझ्याकडे न बघताच बोलल्या. "ह्यांचंच हाय ते. थोरल्या भाऊजींचं आन् ह्यांचं. मी तवा बाळंतपणाला माह्यारी हुते. नंतर सासूबाई आमच्याकडं येऊन ऱ्हायच्या, दोन्ही घरं करायच्या. पर त्या दिवसाचं कदी बोलल्या न्हाईत. आन् ह्यांनी कदी इच्यारलं न्हाय. त्या गेल्या तवा दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून गेले, आन् तसंच न बोलता परत आले." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यांना एकदा मंद्रूपला भाऊजींकडं घिऊन जावा. मी सांगितलं तर भांडतील. तुमाला न्हाय म्हणणार न्हाईत."

रविवारी मी गाडी काढली. वाटेत काका नाटकाखेरीज एक शब्द बोलले नाहीत. आपण भावाला भेटायला जात नसून शेवटाची माहिती काढायला जात आहोत, असा त्यांनी आव आणला होता, आणि मीही तो मोडला नाही. मंद्रूपच्या पुढं फाट्यावरून आत वळलो तेव्हा मात्र ते म्हणाले, "जरा हळू घ्या," आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

थोरले भाऊ अंगणात शेळीला पाला टाकत होते. काकांपेक्षा उंच, पण वाकलेले. आम्हाला बघून त्यांनी हातातला पाला खाली ठेवला, बाज पुढं ओढली आणि पाणी मागवलं. कुशल कुणी विचारलं नाही. काका बाजेच्या कडेला बसले आणि सरळ म्हणाले, "दादा, मी नाटक लिवलंय. येळवशीचं. मी उटून गेलो, हितवर झालंय. म्होरं काय झालं?"

मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला हाकलणार. त्यांनी खाली ठेवलेला पाला उचलून शेळीपुढं टाकला.

"म्होरं काय हुनार?" ते म्हणाले. "आई म्हणली, बसा, जेवा. येळवशीचं कुनी उपाशी उटायचं न्हाय. आमी जेवलो. घास खाली जाईना, पर जेवलो."

"आन् माजं ताट?"

"ते तिनं कुनाला शिवू दिलं न्हाय. सगळं फडक्यात बांदलं आन् फाट्यावर गेली. म्हणली, एसटीला येळ हाय, बसला असंल तितंच. मी मागनं गेलो, म्हणलं चल घरला. तर म्हणली, तू जा. तुला बगून त्यो यायचा न्हाय." त्यांनी तोंड पुसलं. "गाड्या येत हुत्या, जात हुत्या. दिवस बुडाला तवा आली."

"मी ट्रकला हात केला हुता," काका अगदी हळू म्हणाले. "फाट्यावर थांबलोच न्हाय." मग म्हणाले, "एवढी वर्सं माझ्या घरात ऱ्हायली ती. कदी बोलली न्हाय."

"मलाबी म्हणली हुती, त्याला सांगू नगंस. खुळा हाय, मनाला लावून घील."

यावर दुसरा कुणी असता तर रडला असता किंवा भावाच्या गळ्यात पडला असता. काकांनी खिशातला रुमाल काढला, तो नुसता हातात धरला आणि विचारलं, "फाट्यावर ती बसली हुती का उभी?"

मला क्षणभर या माणसाचा राग आला. पण थोरल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी विचार करून, अगदी गंभीरपणे उत्तर दिलं. "उभी. बसली असती तर बांदाआड झाली असती. तुला लांबनं दिसावी म्हणून उभी ऱ्हायली."

काकांनी मान हलवली. चहा झाला. निघताना ते भावाला नाटकाला या म्हणाले. "मी कशाला? जनावरं हायत हितं," एवढंच थोरले म्हणाले.

त्यानंतर काकांनी नाटक पुन्हा लिहिलं. थोरल्याच्या तोंडी आजवर एकही बरं वाक्य नव्हतं. आता लिंब का तोडला, विहिरीवर जायला गाडीवाट कशी नव्हती, एकट्यानं शेत ओढताना त्याचं काय होत होतं, हे सगळं आलं. चादरवाले गृहस्थ खूश झाले. माझी वाक्यं निम्म्यावर आली आणि मीही खूश झालो. तालमीत काका आता कुणावर ओरडत नसत. शेवटचा प्रवेश मात्र त्यांनी एकदाही पूर्ण बघितला नाही. मावशी गाठोडं घेऊन पुढं आल्या, की ते पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभे राहत.

प्रयोगाच्या दिवशी थोरले आले. स्वच्छ धोतर, टोपी, कडेची खुर्ची. मला ते विंगेतून दिसले, पण मी काकांना सांगितलं नाही. ताटं वाढून झाली, भांडण झालं, मी ताटावरून उठून आत आलो. मग बाकीच्यांनी मुकाट्यानं जेवायला सुरुवात केली. भाकरी मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. मग मावशींनी माझ्या ताटातलं सगळं फडक्यात बांधलं आणि त्या रंगमंचाच्या अगदी टोकाला येऊन उभ्या राहिल्या. विंगेतल्या आवाजावर एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. प्रकाश उतरत गेला. संवाद एकही नव्हता. काका विंगेत माझ्याशेजारी भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि पडदा पडला तरी वळले नाहीत.

थोरले आत आले ते सरळ काकांसमोर. म्हणाले, "आईचं लुगडं हिरवं हुतं. हितं निळं हाय."

"हिरवं मिळालं न्हाय," काका म्हणाले.

"आन् मी एवढा वरडलो न्हवतो."

"वरडला हुतास, दादा."

थोरल्यांनी चादरवाल्याकडं एकदा नीट बघून घेतलं. "आसंल," ते म्हणाले. "येळवशीला या. समदी या." आणि मंद्रूपची शेवटची एसटी चुकेल म्हणून लगबगीनं निघून गेले. नाटकाला बक्षीस मिळालं नाही. शेवट फार संथ आहे, असं परीक्षकांचं मत पडलं. एरवी काकांनी परीक्षकांना घरी बोलावून वाद घातला असता. या वेळी नुसतं "व्हय, संथ हाय," म्हणाले.

त्या वर्षी आम्ही सगळे येळवशीला गेलो. लिंबाच्या जागी आता गाडीवाट होती. कोपीत पूजा झाली, थोरल्यांनी आंबील शिंपडत शेताला फेरी घातली, आणि दोघं भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले. इतक्या वर्षांचं साठलेलं आता बाहेर पडेल, म्हणून आम्ही सगळे मुद्दाम जरा लांब बसलो. पण बाहेर काहीच पडलं नाही. ज्वारी बरी आलीय, असं एक म्हणाला. व्हय, असं दुसरा म्हणाला. सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं, याची चौकशी झाली. थोरल्यांचा हात थरथरत होता, उंडा फुटत नव्हता. काकांनी काही न बोलता तो त्यांच्या ताटातून उचलला, फोडला, त्यावर भज्जी घातली आणि परत ठेवला. थोरल्यांनी ते खाल्लं.

परतताना काका पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसले होते. मंद्रूप मागं पडलं, ऊन कलतं झालं. मावशींना मागं झोप लागली होती. काका बोलले, पण त्या नाटकी आवाजात नाही, तर मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या साध्या, बारीक आवाजात.

"दादा म्हातारा झाला की, जावईबापू," ते म्हणाले. "कवा झाला?"