श्वास सोडताना

माझा देवीवरचा विश्वास श्वासाबरोबरच आटत चालला होता, हे आधीच कबूल करते. तंबाखूला कधी बोट लावलं नाही, उपास चुकवला नाही, आणि साठीत फुप्फुसं निकामी! सासरी वीस वर्षं चुलीचा धूर खाल्ला, तेवढंच काय ते. डॉक्टर म्हणाले, धुराशी लढायला आलेल्या शरीराच्याच पेशी धूर संपला तरी माघारी फिरल्या नाहीत. आता त्याच श्वासनळ्या सुजवत आहेत, आणि झालेली झीज भरून येत नाही. कुंपणच शेत खाऊ लागलं तर गाऱ्हाणं कोणाकडे न्यायचं? मी जगदंबेकडे नेलं. तिने काही ऐकलं नाही. आरतीचं एक कडवंही एका दमात म्हणवेना, तेव्हा देव्हाऱ्यासमोर बसणंच बंद केलं. ने एकदाची, एवढंच मनात म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी नाशिक रोडहून सुनेबरोबर दवाखान्यात निघाले. द्वारका चौकात रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे बस, सगळा धूरच धूर. छाती कोंडली. दम्याच्या औषधाचा पंप तोंडाला लावला तर तो रिकामा. नवा आणू का, असं सुनेने आदल्याच दिवशी विचारलं होतं. "आहे अजून," म्हणून मीच तिच्यावर खेकसले होते. आता ती "आई, आई" करत रडत होती आणि मी हवा ओढत होते, ती आत जात नव्हती.

रस्त्याकडेला मजुरीच्या गाडीची वाट बघत पेठ तालुक्याकडच्या काही बायका बसल्या होत्या. त्यातली एक उठून सरळ रिक्षात शिरली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाय, आत नको ओढू. आधी बाहेर टाक. चूल फुकायचीस ना, तशी हळूहळू फुक. माझी आय अशीच करायची."

मला संतापच आला. ज्या चुलीने ही दशा केली तिचीच आठवण! पण दुसरं हातात काय होतं? ओठ गोल करून फुंकत राहिले. तीही माझ्याबरोबर फुंकत होती. अडकलेली हवा थोडी बाहेर गेली, मग थोडी आत आली. गाड्या हलल्या तशी ती उतरली. तिचं नाव विचारायचंही राहून गेलं.

तिला कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही, हात जोडते. फुप्फुसं काही सुधारली नाहीत. औषधं रोजची आहेत आणि भीतीही रोजची आहे. आयुष्यभर मी देवीकडे श्वास मागत आले. तो सोडावाही लागतो, हे त्या बाईने शिकवलं. एक दिवस सोडलेला श्वास परत येणार नाही. जगदंबे, त्या दिवशी मला ओढाताण करू देऊ नकोस.